जी-२ केंद्रक दुसऱ्यांदा प्रत का काढत नाही: एका जोडपेशीचा प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण एकाच पेशीचे आहे आणि ती पेशी प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेली आहे. तिच्यात दोन केंद्रके आहेत. पहिले केंद्रक एस अवस्थेत, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याच्या ऐन मध्यावर आहे. दुसऱ्याचे ते काम नुकतेच आटोपले असून ते जी-२ अवस्थेत, विभाजनाच्या प्रतीक्षेत आहे. दोन्ही केंद्रकांभोवतीचा पेशीद्रव एकच आहे, त्यामुळे एकाला मिळणारे संदेश दुसऱ्यापर्यंतही पोहोचतात. असे असूनही पहिले केंद्रक डीएनए बनवत राहते आणि दुसरे ढिम्म हलत नाही. या नकाराचे कारण शोधताना प्रतिकृतीच्या आरंभावर पेशी कशी हुकमत ठेवते, याची बहुतेक सगळी यंत्रणा हाती लागते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखे आहे.

आधी अडचणीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. मानवी पेशीतील सर्वांत मोठ्या, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी आधारजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, आहेत. प्रतिकृतीचा काटा, म्हणजे डीएनएचा दुपेड उलगडत पुढे सरकणारी प्रतिकृतीची जागा, मिनिटाला साधारण दोन हजार आधारजोड्यांच्या वेगाने जातो. हे काम गुणसूत्राच्या मध्यावरच्या एकाच ठिकाणाहून दोन्ही दिशांना सुरू झाले असते, तर ते संपायला चाळीसहून अधिक दिवस लागले असते. प्रत्यक्षात एस अवस्था सुमारे आठ तासांत उरकते, कारण मानवी पेशी एका चक्रात ३० ते ५० हजार ठिकाणी प्रतिकृती सुरू करते. या ठिकाणांना आरंभस्थाने म्हणतात. वेगाचा प्रश्न अशा रीतीने सुटला, तरी त्यातून दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. काही आरंभस्थाने एस अवस्थेच्या सुरुवातीला उघडतात, काही शेवटी उघडतात, आणि काही तर उघडतच नाहीत, कारण शेजारून आलेला काटा त्यांच्यावरून प्रत काढत पुढे निघून जातो. एस अवस्थेच्या मध्यावर केंद्रकात प्रत झालेला आणि न झालेला डीएनए एकमेकांत मिसळून पडलेला असतो, आणि प्रारंभ करणारे संदेश दोन्हींच्या आसपास सारखेच वावरत असतात. तरीही प्रत झालेल्या भागावर काम पुन्हा सुरू होता कामा नये आणि न झालेला एकही भाग सुटता कामा नये. पेशी हे कशाच्या आधारे ओळखते?

१९७० चा प्रयोग

पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० साली हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवर केलेल्या प्रयोगांतून हा प्रश्न प्रथमच तपासता येईल अशा रूपात समोर आला. अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेला सेंदाई विषाणू पेशींच्या पटलांना एकत्र जोडतो. त्याच्या साहाय्याने त्यांनी पेशीचक्राच्या वेगवेगळ्या अवस्थांतील पेशी एकमेकींत विलीन केल्या. कोणते केंद्रक कोणत्या पेशीतून आले हे कळावे म्हणून एका गटाच्या डीएनएमध्ये किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) आधीच भरून ठेवले होते. विलीनीकरणानंतर पुन्हा तेच द्रव्य देऊन कोणत्या केंद्रकात नवा डीएनए तयार होत आहे, हे छायाचित्रणाच्या फिल्मवर उमटणाऱ्या काळ्या कणांवरून पाहता येत होते.

तीन जोड्यांचे निकाल येथे महत्त्वाचे आहेत. एस आणि जी-१, म्हणजे प्रतिकृतीपूर्वीची अवस्था, यांच्या जोडीत जी-१ केंद्रकाने नेहमीपेक्षा लवकर प्रतिकृती सुरू केली, आणि एका जी-१ केंद्रकाच्या वाट्याला दोन एस केंद्रके आली असता ही सुरुवात आणखी लवकर झाली. यावरून एस अवस्थेच्या पेशीद्रवात प्रतिकृती सुरू करणारे, एका केंद्रकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे काहीतरी असते हे निश्चित झाले. एस आणि जी-२ यांच्या जोडीत मात्र जी-२ केंद्रकाने त्याच द्रव्याला काहीच प्रतिसाद दिला नाही. सोबत्याचे काम पूर्ण होईपर्यंत ते थांबून राहिले आणि मग दोन्ही केंद्रके एकदमच विभाजनात शिरली. तिसरी जोडी जी-१ आणि जी-२ यांची. तिच्यात जी-१ केंद्रकाने आपल्या ठरलेल्या वेळी प्रतिकृती सुरू केली, जी-२ च्या सहवासाने त्यात कोणताही अडथळा आला नाही.

माझ्या मते या संचातील सर्वांत मोलाचा निकाल दुसऱ्या जोडीचा आहे, जरी पहिल्या जोडीचा निकाल अधिक ठळकपणे सांगितला जातो. जी-१ केंद्रक प्रतिसाद देते आणि जी-२ देत नाही, तेव्हा दोघांतील फरक पेशीद्रवात नसून केंद्रकातच असला पाहिजे. शिवाय जी-२ पेशीत फिरते अवरोधक द्रव्य असते तर त्याने जी-१ केंद्रकालाही अडवले असते, असा तर्क तिसऱ्या जोडीवरून स्वाभाविकपणे निघत होता. तो तर्क अर्धाच बरोबर होता, हे पुढे दिसेल.

बेडकाच्या अंड्यातील पुरावा

पुढचे मोठे पाऊल झेनोपस या बेडकाच्या अंड्यांच्या अर्कामुळे शक्य झाले. या अंड्यांत पहिल्या अनेक विभाजनांना पुरेल इतका प्रथिनांचा साठा असतो, त्यामुळे अंडी फोडून काढलेल्या अर्कात शुक्रपेशींचा डीएनए टाकला की त्याभोवती केंद्रकाचे आवरण तयार होते आणि त्याची संपूर्ण प्रत निघते. ही प्रत एकदाच निघते, हे जुलियन ब्लो आणि रॉनल्ड लास्की यांनी केंब्रिजमध्ये दाखवले. त्यासाठी त्यांनी थायमिडीनऐवजी ब्रोमीनयुक्त, म्हणून अधिक जड असलेले घटक वापरले. एकदा प्रत निघाली तर दुपेडाचा एक धागा जड आणि एक हलका राहतो, दुसऱ्यांदा निघाली तर दोन्ही धागे जड असलेले रेणू दिसू लागतात, आणि घनतेनुसार वेगळे करणाऱ्या द्रावणात फिरवल्यावर हे दोन प्रकार वेगवेगळ्या थरांत बसतात. एकदा आणि दोनदा यांतील फरक इतक्या स्पष्टपणे मोजता येणे ही या प्रयोगांची खरी ताकद होती.

१९८८ साली त्यांनी प्रत पूर्ण झालेली केंद्रके ताज्या अर्कात नेऊन ठेवली. ताज्या अर्कात प्रतिकृतीला लागणारे सर्व काही होते, तरी ही केंद्रके स्वस्थ राहिली. राव आणि जॉन्सन यांच्या जी-२ केंद्रकाने जे केले तेच येथे काचेच्या नळीत घडले. हीच केंद्रके सूत्री विभाजनातून नेली की ती पुन्हा प्रत काढू लागत. निर्णायक ठरले ते पुढचे निरीक्षण: विभाजन टाळून फक्त केंद्रकाच्या आवरणाला रसायनाने भोके पाडली, तरीही ताज्या अर्कात दुसरी प्रत निघाली. म्हणजे विभाजनाचे या बाबतीतले काम आवरण मोडण्याचे होते.

यावरून त्यांनी एक सुटसुटीत कल्पना मांडली. पेशीद्रवात एक परवाना देणारा घटक असतो. आवरण अखंड असताना तो आत जाऊ शकत नाही. विभाजनात आवरण विरघळले की तो डीएनएवर बसतो, नवे आवरण तयार झाल्यावर जो आत अडकला तेवढाच उपयोगी पडतो, आणि प्रतिकृती होताना तो खर्च होतो. जी-२ केंद्रकाजवळ खर्च झालेला परवाना आहे, म्हणून सुरुवातीचा संदेश मिळूनही ते काही करू शकत नाही. जी-१ केंद्रकाजवळ न वापरलेला परवाना आहे, म्हणून ते त्याच संदेशाने कामाला लागते. पेशीला आपल्या प्रती मोजाव्या लागत नाहीत, डीएनएवर परवाना आहे की नाही एवढेच पुरते.

परवाना म्हणजे काय

या कल्पनेतील ‘घटक’ शोधायला आणखी काही वर्षे लागली. प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमांना, म्हणजे कायनेजांना, रोखणाऱ्या एका द्रव्याने विभाजनातून बाहेर पडण्यापूर्वीच हाताळलेल्या अर्कात परवाना देण्याची क्षमता उरत नाही, असे दिसल्यावर त्या अर्कात गमावलेली क्षमता परत आणणारे अंश शोधता आले. ते दोन निघाले. पहिला अंश १९९५ मध्ये ओळखला गेला: तो एमसीएम प्रथिनांचा होता. ही प्रथिने किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, अशा उत्परिवर्तींमधून आधीच माहीत होती, ज्यांना छोटी कृत्रिम गुणसूत्रे पिढ्यानपिढ्या टिकवता येत नाहीत. दुसरा अंश सीडीटी-१ हे प्रथिन असल्याचे २००१ मध्ये स्पष्ट झाले.

आज ही क्रिया जवळून पाहता येते. विभाजनाच्या अखेरीस आणि जी-१ अवस्थेत ओआरसी हा सहा प्रथिनांचा संच आरंभस्थानावर बसलेला असतो. त्याला सीडीसी-६ येऊन मिळते. मग सीडीटी-१ हे एमसीएम-२ ते एमसीएम-७ या सहा प्रथिनांचे कडे सोबत घेऊन येते. असे एक कडे आणि त्याला तोंड लावून दुसरे कडे दुपेड डीएनएभोवती बसवले जाते. ही जोडकडी म्हणजे परवाना. ती अजून निष्क्रिय असते. दुपेड उलगडणारे यंत्र तीच असली तरी या टप्प्यावर ती डीएनएभोवती सैल सरकू शकणारी अंगठीच राहते. एस अवस्थेत सायक्लिन या चक्रागणिक वाढणाऱ्या-घटणाऱ्या प्रथिनावर चालणारे कायनेज, म्हणजे सीडीके, आणि सीडीसी-७ हे दुसरे कायनेज यांची क्रियाशीलता वाढली की सीडीसी-४५ आणि जीआयएनएस हे साथीदार कड्यांना जोडले जातात, दोन्ही कडी एकमेकींपासून सुटतात, एकेका धाग्यावर येतात आणि विरुद्ध दिशांना धावू लागतात. धावणारे कडे पुन्हा मूळ जागी येत नाही. जी आरंभस्थाने उघडलीच नाहीत त्यांच्यावरची कडीसुद्धा येणाऱ्या काट्यापुढे डीएनएवरून दूर होतात. त्यामुळे एखाद्या भागाची प्रत कोणत्याही मार्गाने निघाली, तरी त्या भागावर परवाना शिल्लक राहत नाही. परवान्याचा खर्च अशा रीतीने प्रत्यक्ष प्रतिकृतीशीच बांधला गेला आहे, हे या रचनेचे सर्वांत सुंदर अंग आहे असे मला वाटते.

मात्र परवाना खर्च होणे पुरेसे नाही, तो पुन्हा दिला जाता कामा नये. १९८८ च्या कल्पनेत हे काम केंद्रकाच्या आवरणाकडे होते, आणि येथेच ती कल्पना बदलावी लागली. प्राण्यांच्या पेशींत एमसीएम प्रथिने बहुतांशी केंद्रकाच्या आतच असतात. म्हणजे परवान्याचे साहित्य बाहेर अडकले आहे असे म्हणता येत नाही. मग भोके पाडल्यावर दुसरी प्रत का निघाली?

उत्तर उलट बाजूने आले. १९९८ मध्ये थॉमस मॅकगॅरी आणि मार्क किर्शनर यांना विभाजनाच्या वेळी नष्ट होणाऱ्या प्रथिनांचा शोध घेताना जेमिनिन सापडले. दोन वर्षांनी ते सीडीटी-१ ला घट्ट धरून ठेवते आणि त्यामुळे एमसीएमची कडी बसू शकत नाहीत, हे सिद्ध झाले. जेमिनिन एस आणि जी-२ अवस्थांत असते व विभाजनात नाहीसे होते. बेडकाच्या अर्कात तर ते केंद्रकाच्या आत गेल्यावरच अवरोधक म्हणून क्रियाशील होते असे आढळले. सीडीकेसुद्धा केंद्रकाच्या आत साचून प्रभावी होते. म्हणजे आवरणाचे महत्त्व परवाना बाहेर ठेवण्यापेक्षा नवा परवाना अडवणारी द्रव्ये आत साठवण्यात अधिक होते. भोके पाडली की ही साठवण मोडत होती. १९८८ चे निरीक्षण जसेच्या तसे टिकले, त्याचा अर्थ तेवढा बदलला.

पुन्हा त्या जोडपेशीकडे

आता १९७० चे तिन्ही निकाल नव्याने वाचता येतात. एस पेशीद्रवातील फिरता घटक म्हणजे प्रामुख्याने सीडीके आणि त्याच्या बरोबरीची प्रारंभक यंत्रणा. जी-१ केंद्रकात कडी आधीच बसलेली असल्याने ते तिला प्रतिसाद देते. जी-२ केंद्रकात कडी उरलेली नाहीत, आणि नवी बसवायला लागणारे सीडीटी-१ एकतर नष्ट झालेले आहे किंवा जेमिनिनच्या पकडीत आहे, म्हणून तेथे काही घडत नाही.

तिसऱ्या जोडीचा अर्थ अधिक सूक्ष्म आहे. जी-२ पेशीत फिरते अवरोधक द्रव्य नसते, हा त्या वेळचा निष्कर्ष होता. वास्तविक जी-२ मध्ये जेमिनिन आणि सीडीके ही दोन प्रबळ अवरोधके होती, परंतु ती परवाना देण्याला अडवतात, परवाना मिळालेल्या आरंभस्थानाला सुरू होण्यापासून अडवत नाहीत. जी-१ केंद्रक परवाना घेऊन आलेले असल्यामुळे त्या प्रयोगात अवरोधकाला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. आरंभ ही एकच क्रिया आहे असे गृहीत धरले असता प्रयोगाचा अर्थ पूर्ण लागत नव्हता. परवाना आणि प्रारंभ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत असे मानले की तो लागतो.

या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत एवढ्यावरही भागत नाही, त्या कधीच एकत्र येता कामा नयेत. सीडीकेची पातळी कमी असतानाच परवाना देता येतो आणि ती वाढल्यावरच प्रारंभ होतो. जो संकेत काम सुरू करतो तोच नव्या परवान्याचे दार बंद करतो. पेशीत असा एकही क्षण नसावा ज्यात दोन्ही शक्य आहेत, कारण तसा क्षण आला तर एखादे आरंभस्थान उघडून लगेच पुन्हा परवाना घेईल आणि पुन्हा उघडेल.

सीडीटी-१ च्या नाशाची तऱ्हा येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काट्यामागे पीसीएनए नावाचे प्रथिन डीएनएभोवती कडे करून बसते आणि प्रत काढणाऱ्या एन्झाइमला जागेवर धरून ठेवते. सीडीटी-१ च्या एका टोकाला या पीसीएनएला चिकटणारा छोटा पट्टा आहे. डीएनएवर बसलेल्या पीसीएनएला ते चिकटले की सीयूएल-४ आणि सीडीटी-२ यांचा संच त्याला युबिक्विटिनची खूण लावतो, आणि खूण लागलेले प्रथिन पेशीची विघटन यंत्रणा फोडून टाकते. म्हणजे प्रतिकृती चालू आहे याची खूणच परवाना देणाऱ्याचा नाश घडवते. गोलकृमीत हा संच निकामी केला असता काही पेशींतील डीएनएचे प्रमाण मूळ एका संचाच्या शंभर पटींपर्यंत गेल्याचे २००३ मध्ये नोंदवले गेले. जेमिनिनची भूमिका मात्र वाटते तितकी एकेरी नाही: मानवी पेशींत विभाजनाच्या काळात ते सीडीटी-१ चे विघटनापासून रक्षणही करते, त्यामुळे जेमिनिन नष्ट होताच पुढच्या चक्राला लागणारे सीडीटी-१ तयार मिळते.

इतके अडसर कशासाठी

मद्यकिण्वात, म्हणजे बेकरीत वापरल्या जाणाऱ्या किण्वात, जेमिनिन नाही. तेथे सीडीके स्वतःच तीन ठिकाणी हात घालते: ओआरसीवर फॉस्फेट चढवून त्याला निकामी करते, सीडीसी-६ चा नाश घडवते आणि एमसीएम प्रथिनांना केंद्रकाबाहेर पाठवते. २००१ मध्ये जोआकिम ली यांच्या गटाने हे तिन्ही अडसर एकेक करून आणि मग एकत्र काढले. सुटा एखादा अडसर काढल्याने पुनःप्रतिकृती दिसली नाही. तिन्ही काढल्यावर जी-२ मध्ये थांबवलेल्या पेशींत ती दिसली, आणि तीही अपुरी, सर्व डीएनएची नव्हे. विखंडन किण्वात, म्हणजे मधोमध दुभंगून वाढणाऱ्या दुसऱ्या एका किण्वात, याउलट सीडीसी-१८, म्हणजे तेथील सीडीसी-६, मोठ्या प्रमाणात बनवले एवढ्यानेही पेशी पुन्हा पुन्हा प्रत काढू लागते. तत्त्व सर्वत्र तेच राहते, पण कोणत्या अडसरावर किती भार द्यायचा हे प्रत्येक जीवाने वेगळे ठरवलेले दिसते.

या अडसरांना जादा सुरक्षा म्हणणे मला पटत नाही. समजा, एक अडसर हजारात एकदा चुकतो. ४० हजार आरंभस्थाने असतील तर प्रत्येक चक्रात ४० ठिकाणी चूक होईल आणि पेशी टिकणार नाही. तीन अडसर स्वतंत्रपणे काम करत असतील आणि प्रत्येक हजारात एकदाच चुकत असेल, तर एका आरंभस्थानी तिन्ही एकदम चुकण्याची शक्यता शंभर कोटींत एक होते, म्हणजे २५ हजार पेशीचक्रांत एखादी चूक. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, परंतु हिशेबाची दिशा त्यातून कळते: स्थाने हजारोंनी असतात तेव्हा एकच चांगला अडसर कधीही पुरत नाही. सर्व आरंभस्थाने पुन्हा सुरू झाली तरच ती चूक, असे प्रयोग करणाऱ्याला वाटू शकते, कारण त्याच्या मोजमापात तेवढेच दिसते. पेशीच्या दृष्टीने एकही पुष्कळ आहे.

पुनःप्रतिकृतीने होणारी हानी जादा डीएनए साठण्यापुरती नसते. एका आरंभस्थानावरून दुसरा काटा निघाला की तो पहिल्याच्याच वाटेने जातो. पहिला कोठे अडखळला आणि दुसरा मागून त्याला गाठून आदळला, तर नव्याने बनलेले तुकडे सुटे होतात आणि दोन्ही धागे तुटल्याची स्थिती निर्माण होते. जेमिनिन काढून टाकलेल्या मानवी पेशींत डीएनए-हानीची धोक्याची यंत्रणा जागी होते ती यामुळेच. काही कर्करोगाच्या पेशी जेमिनिन कमी केल्यावर अशा हानीने मरतात, तर त्याच स्थितीत सामान्य पेशी इतर अडसरांच्या बळावर तगून राहतात, असे २००९ च्या एका अभ्यासात आढळले. आपल्याकडे किती अडसर शाबूत आहेत यावर पेशीचे भवितव्य ठरते, हे त्यातून दिसते.

हानी नेहमी पेशी मरण्याइतकी मोठी असेलच असे नाही, आणि लहान हानी अधिक घातक ठरू शकते. ली यांच्याच गटाने २०१० मध्ये किण्वातील एका ठरावीक आरंभस्थानापुरताच हा नियम ढिला केला. थोड्या काळापुरती तेथून दुसरी प्रत निघू दिली आणि मग पेशींना नेहमीप्रमाणे वाढू दिले. त्या आरंभस्थानाभोवतीचा गुणसूत्राचा भाग अनेक पेशींत दुप्पट झालेला आढळला. दोन प्रती एकामागोमाग एक, त्याच दिशेने जोडलेल्या होत्या, आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत कायम राहिला. अर्बुदांच्या पेशींत वाढीला चालना देणाऱ्या जनुकांच्या अशाच जादा प्रती वारंवार सापडतात.